चालक नसलेली गाडी, धनी नसलेला रस्ता

पुणे महानगराची वाहतूक आणि विकास आराखडा ज्यांच्या सहीने ठरतो, त्या सर्वांना खुले पत्र

सन्माननीय महोदय, महोदया,

सॅन फ्रान्सिस्कोत लेकीच्या घराजवळच्या एका चौकात मी रस्ता ओलांडायला उभी होते. सिग्नल नव्हता, नुसते झेब्रा पट्टे होते. पुण्याच्या सवयीने मी एक पाऊल खाली ठेवलं, हात थोडा पुढे केला आणि समोरून येणाऱ्या गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहिलं. आपल्याकडे रस्ता असाच ओलांडतात. चालकाच्या डोळ्यांत बघायचं, तो थांबणार की दामटणार याचा अंदाज घ्यायचा आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. त्या पांढऱ्या गाडीत मात्र बघायला डोळेच नव्हते. चालकाची खुर्ची रिकामी होती आणि स्टिअरिंग आपलं आपण हलत होतं. माझ्या पोटात गोळा आला. गाडी पट्ट्यांच्या चांगली अलीकडे थांबली. मी पाऊल मागे घेतलं, तरी ती थांबलेलीच. दुखऱ्या गुडघ्यांनी, माझ्या गतीने मी पलीकडे पोहोचेपर्यंत ती जागची हलली नाही.

पलीकडच्या फुटपाथवर मला भरून आलं. एकोणतीस वर्षं मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेच्या मुलांना रस्ते आणि वाहतूक हा विषय शिकवला. पट्ट्यांवर पहिला हक्क पादचाऱ्याचा, हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं. तो हक्क माझ्या गावात मला कुणी हॉर्न न वाजवता दिला, असा एकही दिवस आठवत नाही. परक्या गावात तो एका यंत्राने दिला. यंत्राला माझी दया आली नव्हती. कुणीतरी त्याच्यात तसा नियम घातला होता आणि तो मोडायची मुभा त्याला ठेवलेली नव्हती.

हे पत्र विनाचालक गाडीच्या विरोधात नाही, हे म्हणूनच आधी सांगते. वेमो कंपनीच्या अशा गाड्यांच्या सुमारे चार कोटी किलोमीटर धावेतल्या विमा दाव्यांचा हिशेब २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. हिशेब कंपनीनेच एका पुनर्विमा कंपनीला सोबत घेऊन मांडलेला आहे, हे ध्यानात ठेवूनही तो आकडा झटकून टाकता येत नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दारू न पिणारा, डुलकी न काढणारा, मोबाइलकडे न बघणारा चालक कुणाला नको असेल?

माझी काळजी दुसरीच आहे. यंत्राने गाडी नीट चालवली, म्हणून शहर नीट चालेल असं नाही. आपण आज जे आराखडे मंजूर करता, ते पुढच्या वीस वर्षांचे असतात. इमारती तर साठ-सत्तर वर्षं उभ्या राहतात. या काळात ही गाडी आपल्या रस्त्यांवर येईल असं धरूनच सह्या झाल्या पाहिजेत. ती येईल तेव्हा रस्ता कुणाचा हे ठरलेलं नसेल, तर ते ती स्वतः ठरवेल.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नागपुरात स्पष्ट सांगितलं, की चालकांचा रोजगार बुडवणाऱ्या अशा गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत. त्यांच्या भूमिकेमागची कळकळ मला मान्य आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण मंत्र्यांचा शब्द त्यांच्या खात्यापुरता आणि त्यांच्या काळापुरता असतो. कायदा मागे राहतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘२ ब’ हे कलम आलं आहे. नवे शोध आणि संशोधन यांना चालना देण्यासाठी ठरावीक प्रकारच्या वाहनांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्यातून मिळाला. म्हणजे दाराला कडी आहे, कुलूप नाही. हैदराबादच्या आयआयटीत विनाचालक वाहनांसाठी चाचणीचं मैदान २०२२ पासून उभं आहे. आणि आपलं पुणे तर गाड्यांचंच गाव. चाकणपासून पिंपरीपर्यंत कारखाने आहेत, वेताळ टेकडीवर गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय आहे. हा विषय आपल्या दारात यायला परदेशातून बोट यावी लागणार नाही.

आता मुद्द्याचं. विनाचालक गाडी शहराचं काय करील हे पाहायला आपल्याला भविष्यात जावं लागत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवलेली गाडी आपण रोज पाहतो, आणि मालकाच्या दृष्टीने ती गाडी आजच विनाचालक आहे. तिला फक्त जायचं ठिकाण सांगायचं असतं. आमच्या सोसायटीतलीच एक गाडी घ्या. सकाळी सातला ती मुलाला शाळेत सोडते आणि रिकामी परत येते. नऊला वडिलांना हिंजवडीला पोहोचवते आणि पुन्हा रिकामी परत येते. अकराला आईला लक्ष्मी रस्त्यावर सोडते. तिथे उभं राहायला जागा नसते, म्हणून कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता असे फेरे घालत राहते, नाहीतर दुसऱ्या गाडीला खेटून दिवे लुकलुकवत थांबते. संध्याकाळी हेच उलट क्रमाने. कुटुंबातली तीन माणसं दिवसभरात जेवढी हिंडतात त्याच्या जवळपास दुप्पट ती गाडी हिंडते. तो ड्रायव्हर भला माणूस आहे, गाडीही सांभाळून चालवतो. दोष त्याचा नाहीच.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं. तेरा जणांना त्यांनी आठवड्याला साठ तास फुकट चालक दिला. पुढे-मागे घरात स्वयंचलित गाडी आली तर माणसं कशी वागतील, याची ती रंगीत तालीम होती. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. गाड्यांची धाव ८३ टक्क्यांनी वाढली. माणसं लांब जाऊ लागली, रात्री जास्त बाहेर पडू लागली आणि गाडीला एकटीलाच कामाला धाडू लागली. तेरा माणसांवरून अख्ख्या शहराचं गणित मांडू नये, हे मी स्वतःच मुलांना शिकवलं आहे. पण वारा कुठून वाहतो हे कळायला एक झाडही पुरतं, आणि आपल्याकडे तर प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी तसं झाड आहे. आज ड्रायव्हरचा पगार परवडत नाही म्हणून हे चित्र थोड्या घरांपुरतं आहे. पगारच उरला नाही, तर?

पार्किंगचंही तसंच. पार्किंगला पैसे पडत असतील तर स्वयंचलित गाडी पार्क होण्याऐवजी हळूहळू फिरत राहील, कारण तासभर रेंगाळण्याचा खर्च पार्किंगपेक्षा कमी असतो, असं ॲडम मिलार्ड-बॉल या अभ्यासकाने २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घेऊन दाखवलं. रेंगाळायचंच असल्यामुळे अशा गाड्यांना कोंडी सोयीचीच पडते. पुण्यात तर रस्त्यावर गाडी लावायला बहुतेक ठिकाणी काहीच पडत नाही. २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं. पाच रस्त्यांवर शुल्क घ्यायचं ठरलं. त्याच सुमाराला शहरातल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. धोरण कागदावर राहिलं, वाहनं रस्त्यावर आली. एका मोटारीला उभं राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात. या शहरात कितीतरी कुटुंबांची झोपायची खोली याहून लहान आहे.

लिस्बन शहराचा अभ्यास मी आमच्या विभागाच्या ग्रंथालयात बसून पुन्हा पुन्हा वाचला होता. इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरमने तो २०१५ मध्ये केला. अख्ख्या शहराचा एका दिवसाचा प्रवास त्यांनी संगणकावर स्वयंचलित गाड्यांवर टाकून पाहिला. अनेक प्रवासी एकाच गाडीत एकत्र बसले आणि जोडीला मेट्रो धावती राहिली, तर दहातल्या नऊ गाड्या नाहीशा झाल्या तरी शहराचं काम अडलं नाही. तीच गाडी ज्याने त्याने एकट्याने वापरली आणि मेट्रो काढून टाकली, तेव्हा मात्र गाड्यांची एकूण धाव जवळपास दुप्पट झाली. यंत्र तेच, शहर तेच, रस्तेही तेच. बदलला तो फक्त नियम. आपल्या हातात जे आहे ते हेच, महोदय.

हा नियम कुणी करायचा, यावर सॅन फ्रान्सिस्कोने फार महाग धडा घेतला आहे. तिथे २०१० ते २०१६ या काळात वाढलेल्या कोंडीपैकी जवळपास निम्मी ॲपवरच्या टॅक्सींमुळे होती, असं तिथल्या परगण्याच्या वाहतूक प्राधिकरणाने २०१८ च्या अहवालात दाखवलं. शहराला त्या टॅक्सींवर अंकुश ठेवायचा अधिकार नव्हता, तो राज्याच्या आयोगाकडे होता. त्यामागून विनाचालक टॅक्सी आल्या, तेव्हा पुन्हा तेच घडलं. शहराच्या वाहतूक विभागाने आणि अग्निशमन दलाने विरोध नोंदवला. बंबांच्या वाटेत गाड्या अडकल्याच्या पन्नासहून अधिक घटनांची यादी दलाने पुढे ठेवली. तरी १० ऑगस्ट २०२३ ला राज्याच्या आयोगाने वेमो आणि क्रूझ या दोन कंपन्यांना चोवीस तास भाड्याने धावायची परवानगी दिली. आठवडाभरात क्रूझची एक गाडी ओल्या काँक्रीटमध्ये जाऊन रुतली, दुसरीची अग्निशमन दलाच्या गाडीशी टक्कर झाली. २ ऑक्टोबरला दुसऱ्याच एका मोटारीने उडवलेली स्त्री क्रूझच्या गाडीपुढे येऊन पडली. गाडी थांबली, आणि मग बाजूला घ्यायचं म्हणून पुन्हा चालू लागली. ती स्त्री खाली सापडलेली असताना वीसेक फूट फरफटत गेली. २४ ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला. तोही राज्याच्या वाहन विभागाने केला. ज्या शहराच्या रस्त्यावर हे झालं, त्या शहराला ना परवानगी नाकारता आली होती, ना काढून घेता आली.

आपल्याकडे परवाना आरटीओचा, धोरण मंत्रालयाचं, कायदा केंद्राचा आणि खड्डा महापालिकेचा. उद्या एखाद्या कंपनीने मुंबईहून वा दिल्लीहून परवानगी आणून पाच हजार विनाचालक मोटारी कर्वे रस्त्यावर सोडल्या, तर त्यांना नको म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणाच्या खुर्चीत आहे? आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात, तेव्हा हे शहर लाखो चालत्या पायांसाठी गाड्यांना थांबवतं. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता माणसांचे होतात. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता एक दिवस मोकळा होतो, तेव्हा म्हातारी माणसं तिथे रस्त्याच्या मधोमध खुर्च्या टाकून बसलेली मी पाहिली आहेत. गाडीला ‘आज तू थांब’ म्हणायची ताकद या शहराकडे परंपरेने आहे. ती कायद्यात उतरवून ठेवा, एवढंच मागते आहे. पुम्टा या नावाचं एकीकृत परिवहन प्राधिकरण आपल्याकडे स्थापन झालेलं आहे. रस्त्याची कुठली जागा कुठल्या वेळी कुठल्या वाहनाला, किती दराने, हे ठरवायचं बळ त्याला कायद्याने द्या. आणि धंद्यासाठी धावणाऱ्या प्रत्येक गाडीने आपली धाव, रिकामी धाव, थांबे आणि अपघात यांची माहिती या प्राधिकरणाला दिलीच पाहिजे, अशी अट परवान्यातच घाला. आज ॲपवरच्या टॅक्सींपासून सुरुवात करा, म्हणजे उद्या चालक नसलेल्या गाडीसाठी नवी भांडणं करावी लागणार नाहीत.

एक भीती मला रात्री जागं ठेवते, ती फुटपाथची. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी गावात एक स्त्री सायकल हातात धरून रुंद रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची चाचणीतली स्वयंचलित गाडी तिच्यावर आदळली. ती गेली. चौकशीत निघालं, की गाडीला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच काहीतरी दिसलं होतं. पण हे वाहन आहे, की आणखी काही, की सायकल, यातच ती घोळत राहिली, कारण झेब्रा पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल ही शक्यताच तिच्या प्रणालीत धरलेली नव्हती. देखरेखीसाठी बसवलेली चालक मोबाइल बघत होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीतून खाली पाहिलं. खालच्या रस्त्यावर पट्टे पुसलेले होते. शाळेतली मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, हातगाडीवाला, सगळे मिळेल तिथून ओलांडत होते. त्या प्रणालीच्या हिशेबी यातलं कुणीच अस्तित्वात नव्हतं.

प्रणाल्या तेव्हापासून खूप सुधारल्या, हे मी माझ्याच पायांनी अनुभवलं. पण आपल्या गर्दीत त्या अडतील, तेव्हा त्यांना दोन वाटा असतील. एक, यंत्राने माणसाला शिकून घ्यावं. दुसरी, माणसालाच रस्त्यावरून हटवावं. दुसरी स्वस्त आहे. अमेरिकेत मोटारी आल्या तेव्हा हेच घडलं. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत तिथला रस्ता चालणाऱ्यांचा, खेळणाऱ्या मुलांचाही होता. मोटार धंद्याने प्रचार करून ‘जे-वॉकर’ हा शब्द रुजवला, रस्ता हवा तिथून ओलांडणाऱ्याला गावंढळ ठरवलं, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तसे कायदे करून घेतले. इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी हे सगळं तपशिलात मांडलं आहे. आपल्याकडेही कुणीतरी येऊन सांगेल, की आमचं यंत्र उत्तम आहे, फक्त तुमचे लोक शिस्तीचे नाहीत, तेव्हा दुभाजकांवर जाळ्या लावा, पादचाऱ्यांना पुलावर चढवा. माझी हात जोडून विनंती आहे, तेव्हा नकार द्या. ज्या गाडीला पुण्यातला पादचारी कळत नाही, ती पुण्याच्या रस्त्यावर चालायला लायक नाही, एवढी एक ओळ नियमात लिहून ठेवा.

सिग्नल बंद पडण्याचंही तसंच. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भाग अंधारात गेला, सिग्नल विझले आणि कित्येक विनाचालक टॅक्सी चौकाचौकात थिजून उभ्या राहिल्या. कंपनीला सेवा थांबवावी लागली. वळवाच्या पहिल्या सरीला आपल्याकडे सिग्नल जातात, तेव्हा कुणीतरी रिक्षावाला स्वतःची रिक्षा कडेला लावतो, भिजत चौकात उभा राहतो आणि हातवारे करून गाड्या सोडतो. कुणी सांगितलेलं नसतं. हे ज्ञान कुठल्याच आराखड्यात नोंदलेलं नाही.

त्या रिक्षावाल्याबद्दल बोलायला हवं. बाबा आढावांनी रिक्षा पंचायत उभी केली ते हे शहर. इथे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, बस आणि घरच्या गाड्या चालवून किती चुली पेटतात हे मी आपल्याला सांगायला नको. गडकरींची बंदी या माणसांना आज आधार देते, पण बंदीच्या आडोशाला कुठली तयारी चाललेली दिसत नाही. ॲपच्या टॅक्सी आल्या तेव्हाही तयारी नव्हती, आणि भरडला गेला तो रिक्षावालाच. आजपासून मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला जोडणाऱ्या शेअर रिक्षांचे मार्ग, दर आणि थांबे पक्के करून द्या. रिक्षावाल्यांच्या संघटनांना प्राधिकरणात जागा द्या. पुढे कधी यंत्र आलंच, तर त्याचा परवाना याच माणसांच्या सहकारी संस्थांकडे आधी जाईल, अशी तरतूद आत्ताच करता येते. यंत्राचं पीक आणि माणसाची नापिकी असं व्हायचं कारण नाही.

विनाचालक प्रवास आपल्या देशात आलाच नाही असंही नाही. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावते आहे. तिच्याबद्दल कुणी परिसंवाद घेत नाही, कारण ती कुणाची वाट अडवत नाही. स्वतःच्या रुळावरून धावते, एका फेरीत शेकडो लोक नेते आणि तिला पार्किंग लागत नाही. तंत्र वाईट की चांगलं हा वाद इथे संपतो. ते किती माणसांना घेऊन, किती जागेत चालतं, तेवढं बघायचं. अमेरिकेतल्या शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने तीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्याचा हिशेब मांडला आहे. त्या पट्ट्यातून मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तोच पट्टा बसला राखून दिला तर ४,००० ते ८,०००. फुटपाथ केला तर ९,०००. मोटारीतला चालक काढून टाकल्याने यातला पहिला आकडा शेवटच्या दोनांच्या जवळपासही येत नाही. रिकाम्या फेऱ्या धरल्या तर उलट कमीच होतो.

म्हणून बसबद्दल लिहिताना माझा आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही. देशातली पहिली बीआरटी याच शहराने २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू केली. अपुरी होती, घाईची होती, पण बसला रस्त्यात स्वतःची जागा असावी हा विचार देशात पहिल्यांदा इथे डांबरावर उतरला. पुढे २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने सुधारून आली. मग नगर रस्त्यावरची मार्गिका आपण उखडून टाकली, मोटारींना जागा हवी म्हणून. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मोटारींसाठी बांधला आणि २०२० मध्ये, दीड दशकही पुरतं झालेलं नसताना, पाडला. त्या पुलाच्या खर्चात किती बस आल्या असत्या याचं उदाहरण मी वर्गात सोडवून घेत असे, आणि मुलं विचारायची, ‘मॅडम, हे त्यांना कळत नाही का?’ मी म्हणायची, कळतं. आजही मी तसंच मानते, म्हणून तर हे पत्र.

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितलं होतं, की हलवायची आहेत ती माणसं, वाहनं नव्हेत. स्वयंचलित तंत्राची पहिली चाचणी पुण्यात करायचीच असेल तर ती धनिकाच्या मोटारीवर कशाला? बसला राखलेल्या मार्गिकेवर करा. रात्री अकरानंतर मेट्रो स्थानकापासून वस्तीपर्यंत छोटी बस धावत नाही, तिथे करा. रुग्णालयातून परतणाऱ्या परिचारिकेला, हिंजवडीत रात्रपाळी संपवलेल्या मुलीला, दृष्टिहीन विद्यार्थ्याला, माझ्यासारख्या गुडघे गेलेल्या बाईला तिचा खरा उपयोग आहे. बसमध्ये माणूस राहू द्या. तो स्टिअरिंगवर नसेल तर दाराशी असेल, चढणाऱ्याला हात देईल.

आणि इमारती. हा भाग कुणाच्या बोलण्यात येत नाही, पण सगळ्यात जास्त काळ टिकणारी चूक इथेच होते आहे. एकीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे २०२० ची यूडीसीपीआर, प्रत्येक इमारतीला पार्किंगची किमान संख्या बांधून देते. आमच्या भागात जुने बंगले आणि तीन मजली सोसायट्या पाडून टॉवर होत आहेत. प्रत्येकाच्या पोटात दोन, तीन, कधी चार मजले मोटारींचे. कमी उंचीचे, उजेड नसलेले, पझल पार्किंगच्या लोखंडी सांगाड्यांनी भरलेले. उद्या गाड्या सामायिक झाल्या, लिस्बनसारखं दहात नऊ नको झाल्या, तर या मजल्यांत माणूस राहू शकणार नाही, दवाखाना निघू शकणार नाही, पाळणाघर निघू शकणार नाही. आज नियमात दोनच शब्द बदला. जिथे ‘किमान’ पार्किंग आहे तिथे, निदान मेट्रोच्या चालत्या अंतरात, ‘कमाल’ करा. आणि बांधायचेच असतील तर पार्किंगचे मजले पूर्ण उंचीचे आणि सपाट बांधायला लावा, म्हणजे पुढे ते माणसांच्या कामी येतील. याला निधी लागत नाही, भूसंपादन लागत नाही.

रिकाम्या धावेवर शुल्क लावा. प्रवासी नसलेली गाडी, ती चालकाची असो वा यंत्राची, गर्दीच्या वेळी पेठांमध्ये फिरते त्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे तिने शहराला द्यावेत आणि ते थेट बसच्या खात्यात जावेत. लोक ओरडतील, मला ठाऊक आहे. त्यांतले काही माझ्याच सोसायटीतले असतील, आणि मी त्यांच्याशी जिन्यात भांडायला तयार आहे.

माझ्या लहानपणी हे सायकलींचं शहर होतं. शाळा सुटली की बायकांच्या, मुलींच्या सायकलींची रांग डेक्कनवरून लकडी पुलाकडे वळायची, आणि घंट्यांच्या आवाजावरून घड्याळ लावता यायचं. तो काळ परत आणा असं मी म्हणत नाही. पण त्या सायकली एका दिवसात गेल्या नाहीत. एकेक निर्णय, एकेक रुंदीकरण, एकेक पूल, आणि प्रत्येक सही करणाऱ्याला वाटलं की आपण फक्त वाहनांना वाट देतो आहोत. त्या सह्यांच्या वेळी मी विद्यार्थिनी होते, मग शिक्षिका झाले, आणि दोन्ही वेळा गप्प बसले. आता बसणार नाही.

नळ स्टॉपचा दुमजली पूल आपण पाहिलेलाच असेल, वर मेट्रो, मध्ये गाड्या. मी त्याच्या खाली असते. दर मंगळवारी सकाळी साडेनऊला भाजी घेऊन एसएनडीटीच्या बाजूने पलीकडे जायचं असतं. येत्या कुठल्याही मंगळवारी आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. गाडी गल्लीत ठेवून पायी या. बरोबर शिपाई, अधिकारी नकोत. आपण दोघं-तिघं मिळून एकदा रस्ता ओलांडू, मी आपला हात धरेन. पलीकडे पोहोचल्यावर उभ्या उभ्या एक चहा घेऊ, आणि नियमावलीतले ते दोन शब्द कुठे बदलायचे ते पान मी पिशवीत घेऊन आलेली असेन.

आपली,
रस्ते आणि वाहतूक हा विषय शिकवलेली, कोथरूडची एक निवृत्त शिक्षिका